पनवेलच्या माथ्यावर, कोजागिरीच्या सांजेला

९ ऑक्टोबर २०२२ हा रविवार होता आणि त्या दिवशी कोजागिरी होती. सव्वासहाच्या सुमारास अरबी समुद्रात सूर्य बुडाला, पूर्वेला पूर्ण चंद्र उगवला आणि पनवेल-उरणपासून पार सावंतवाडीपर्यंत गच्च्यांवर दूध आटवायची तयारी सुरू झाली. घड्याळात सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटं होत आली असताना, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या फर्मी या अमेरिकी उपग्रहावरच्या उपकरणात गॅमा किरणांची नोंद अचानक वाढली. थोडं थांबून ती पुन्हा वाढली, आणि साडेतीन-चार मिनिटांनी इतकी चढली की उपकरणाची मोजण्याची क्षमताच संपली. गॅमा-किरण स्फोटांचा शोध लागल्यापासून एवढा तेजस्वी स्फोट कुणी नोंदला नव्हता. पुढे हिशेब झाला तेव्हा तज्ज्ञांनी अंदाज बांधला, की इतका प्रखर स्फोट पृथ्वीच्या वाट्याला साधारण दहा हजार वर्षांतून एकदा येतो. त्याचं अधिकृत नाव जीआरबी २२१००९ए. नावात तारीखच आहे.

हा स्फोट कुठे झाला, हे खगोलशास्त्रज्ञांनी फार बारकाईने नोंदवलं आहे. शर नावाच्या छोट्याशा तारकासमूहाच्या सीमेजवळ, अभिजित आणि श्रवण या दोन ठळक ताऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात. आकाशातली जागा आणि वेळ ठाऊक असली, की तो बिंदू त्या क्षणी पृथ्वीवर कोणाच्या बरोबर डोक्यावर होता, हे गणित शाळेतल्या खगोलमंडळातली मुलंही करू शकतात. करून पाहिलं की उत्तर येतं: सुमारे ७१ अंश पूर्व रेखांश आणि २० अंशांना थोडं कमी उत्तर अक्षांश. म्हणजे दीवच्या दक्षिणेला, अरबी समुद्रावर. पनवेल ७३ पूर्व आणि १९ उत्तर. पनवेलच्या माणसाने त्या वेळी मान वर करून सरळ माथ्याकडे पाहिलं असतं, तर तो स्फोट नजरेच्या रेषेपासून अवघ्या दोन-तीन अंशांवर होता.

दिसलं मात्र काहीच नसतं. गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि जमिनीपर्यंत पोचतही नाहीत. वातावरण त्यांना वरच्या वर शोषून घेतं. म्हणूनच त्यांचा अभ्यास करायचा तर उपकरण अवकाशात न्यावं लागतं. पण किरण शोषले जातात तेव्हा ते वरच्या हवेत काही करून जातात. ते हवेच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन उपटून काढतात, आणि साठ-सत्तर किलोमीटरांपासून वर पसरलेला विद्युतभारित थर, म्हणजे आयनांबर, क्षणात बदलतो. त्या संध्याकाळी तेच झालं. युरोपीय अवकाश संस्थेने नंतर जाहीर केलं की भारतातल्या वीज-शोधक यंत्रांनी स्फोटाच्या क्षणी नोंद दिली, आणि जर्मनीतल्या उपकरणांना आयनांबराची ही खळबळ कित्येक तास जाणवत राहिली. पाचशे किलोमीटर उंचीवरच्या एका चिनी उपग्रहाने तिथल्या विद्युतक्षेत्रातला फरक मोजला. इटलीच्या मिर्को पिएरसांती यांच्या गटाने २०२३ मध्ये तो प्रसिद्ध केला. आयनांबराच्या इतक्या वरच्या भागात गॅमा-स्फोटाचा परिणाम प्रत्यक्ष मोजला जाण्याची ही पहिलीच वेळ.

स्फोट झाला तो मात्र सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी. एक अवाढव्य तारा इंधन संपून स्वतःवरच कोसळला, मध्ये कृष्णविवर तयार झालं, आणि त्यातून प्रकाशाच्या जवळपास वेगाने दोन विरुद्ध दिशांना झोत सुटले. त्यातल्या एका झोताचं तोंड नेमकं आपल्याकडे होतं. कर्नाळ्याचा सुळका ज्या काळ्या बसाल्टचा आहे, तो दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. म्हणजे तो लाव्हा वाहिला तेव्हा हे किरण आपल्या प्रवासाचा बहुतेक सगळा रस्ता तोडून झाले होते.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. असा स्फोट कधी येणार हे कुणालाही सांगता येत नाही. ग्रहणाची तारीख पंचांगात छापता येते, धूमकेतूचा मार्ग काढता येतो. गॅमा-स्फोट बिनतारखेचा येतो, काही सेकंद किंवा काही मिनिटं टिकतो आणि संपतो. तो आला त्या वेळी ज्यांचं यंत्र चालू होतं त्यांच्याकडे तो आहे. बाकीच्यांकडे नाही, आणि पुढेही कधी असणार नाही. या विज्ञानाची सगळी भिस्त अखंड नोंदीवर आहे. आणि अखंड नोंदीची परंपरा आपल्याकडे, याच किनाऱ्यावर, फार जुनी आहे.

नवीन पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये, कळंबोलीच्या महामार्गालगत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. बाजूने रात्रंदिवस ट्रेलर आणि टँकर धावत असतात, पलीकडे कळंबोलीचा लोखंड बाजार. पृथ्वीचं चुंबकत्व आणि आयनांबर यांचा अभ्यास करणारी देशातली ही प्रमुख संस्था अशा जागी आहे, हे पनवेलच्या पुष्कळ लोकांनाही माहीत नसतं. १९७१ मध्ये ती स्वायत्त संस्था झाली आणि या शतकाच्या सुरुवातीला पनवेलला आली. तिचं मूळ मात्र कुलाब्याचं. तिथली वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. चुंबकसूची किती वळली, हे तिथले निरीक्षक ठरल्या वेळी वाचायचे आणि वहीत उतरवायचे. सूची बिथरली की दर काही मिनिटांनी वाचायचे.

१८५९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला ती अशीच बिथरली. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर लखलखाट पाहिला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या जगात चुंबकीय वादळ उठलं. कुलाब्याच्या वहीत चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याची नोंद आहे. ती वही पुढे जवळजवळ दीड शतक जपली गेली. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोंझालेझ यांच्यासोबत भूचुंबकत्व संस्थेच्या जी. एस. लखिना आणि एस. अ‍ॅलेक्स यांनी त्या आकड्यांवरून त्या वादळाचा जोर काढला, तेव्हा इतक्या कमी अक्षांशावरची इतकी उपयोगी नोंद कुलाब्याचीच निघाली. आज वीजवाहिन्या आणि उपग्रह चालवणारे लोक ‘सर्वांत वाईट काय होऊ शकेल’ याचा विचार करतात, तेव्हा त्यांना हा आकडा टाळता येत नाही. वहीत आकडा लिहिणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्याने त्या दिवशी नेमून दिलेलं काम केलं, इतकंच.

पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने कुलाब्याच्या नोंदी नासल्या असत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी त्यावर जो मार्ग काढला, तो मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली, तीही लोखंड टाळून बांधलेल्या इमारतींत. १९०४ मध्ये ती सुरू झाली. पण कुलाब्याची वही त्यांनी लगेच मिटली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आणि नवे आकडे एकमेकांशी जोडता यावेत. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. तोवर सांधा पक्का झाला होता. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे, आणि कुलाबा-अलिबाग मिळून जगातल्या सर्वांत लांब चुंबकीय नोंदमालिकांपैकी एक आपल्या रायगड जिल्ह्यात येऊन थांबते.

आता आयनांबर आणि गॅमा-स्फोट यांचं नातं पाहू. ते २०२२ मध्ये एकाएकी कळलेलं नाही. १ ऑगस्ट १९८३ च्या एका स्फोटाने अतिनिम्न वारंवारतेच्या रेडिओ लहरींत गडबड केल्याचं जेराल्ड फिशमन आणि उमरान इनान यांनी १९८८ मध्ये दाखवून दिलं. या लहरी जमीन आणि आयनांबराचा तळ यांच्यामध्ये परावर्तित होत हजारो किलोमीटर जातात. पाणबुड्यांशी बोलण्यासाठी नौदलं त्या वापरतात. आपल्या नौदलाचं असं केंद्र तमिळनाडूत विजयनारायणमला आहे. आयनांबराचा तळ खाली-वर झाला की दूरवर ऐकू येणाऱ्या या लहरींची ताकद बदलते. २७ ऑगस्ट १९९८ ला आपल्याच आकाशगंगेतल्या एका चुंबकताऱ्याने असा भडका उडवला, की पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूचं आयनांबर काही मिनिटं भरदिवसासारखं झालं. भूचुंबकत्व संस्थेच्या प्रयागराजच्या केंद्रात या लहरींचे ग्राहक आहेत. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारातलं तिचं रडार साठ ते शंभर किलोमीटरांच्या पट्ट्यातल्या हालचाली टिपतं, आणि गॅमा किरणांचा परिणामही याच उंचीच्या आसपास होतो. ही यंत्रं मुळात गॅमा-स्फोटांसाठी बसवलेली नाहीत. सूर्य, वारे, विजा, भूकंप यांच्यासाठी ती चालतात. पण वातावरणाचा हा पट्टाच एक प्रचंड शोधक आहे, आणि तो वाचणारे लोक पनवेलला बसतात. पनवेलच्या उंबऱ्यावरच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. उतरणाऱ्या विमानाला उपग्रहाकडून मिळणारं स्थान याच आयनांबरातून गाळून येतं. तेव्हा हा विषय पनवेलकरांना दूरचा वाटू नये.

जमिनीवरून मिळते ती मात्र स्फोटाची पावलं. स्फोट स्वतः बघायला वर जावं लागतं.

वर तो पहिल्यांदा दिसला तो अपघाताने. अमेरिकेने अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी वेला नावाचे उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ ला त्यांनी टिपलेला गॅमा किरणांचा एक झोत ना पृथ्वीवरून आलेला होता, ना सूर्यावरून. रे क्लेबेसाडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सोळा स्फोटांचा निबंध १९७३ मध्ये छापला आणि जगाला ही भानगड कळली. हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले की पलीकडचे, यावर पाव शतक वाद चालला. कॉम्प्टन वेधशाळेवरच्या बॅट्से या उपकरणाने १९९१ पासून नऊ वर्षांत २७०४ स्फोट नोंदले. ते आकाशात सगळीकडे सारखे पसरलेले होते. १९९७ मध्ये बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहाने एका स्फोटामागे रेंगाळणारी क्ष-किरणांची प्रभा पकडली, मग अंतरं मोजता आली आणि वाद मिटला: अब्जावधी प्रकाशवर्षं. दोन सेकंदांहून जास्त टिकणारे स्फोट बहुतेक कोसळणाऱ्या राक्षसी ताऱ्यांचे, त्याहून छोटे बहुतेक दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे, अशी ढोबळ वाटणीही झाली. २००४ मधला स्विफ्ट आणि २००८ मधला फर्मी हे दोन उपग्रह आजही या कामाचे आधारस्तंभ आहेत.

या इतिहासात भारताचं पान वेगळं आहे आणि ते फार कमी वेळा वाचलं जातं. इस्रोने एसएलव्हीनंतर बनवलेल्या एएसएलव्ही रॉकेटवर स्रॉस नावाचे छोटे उपग्रह बसवले, आणि पहिल्यापासून त्यांच्यावर गॅमा-स्फोट शोधणारं उपकरण ठेवलं. २४ मार्च १९८७ ला पहिला उपग्रह रॉकेटसह समुद्रात गेला. १३ जुलै १९८८ ला दुसराही. उपकरण तिसऱ्यांदा बांधलं. २० मे १९९२ ला स्रॉस-सी कक्षेत पोचला खरा, पण कक्षा ठरल्यापेक्षा खालची, आणि दोन महिन्यांच्या आत तो वातावरणात जळून गेला. ४ मे १९९४ ला स्रॉस-सी२ वर गेला आणि टिकला. २००१ पर्यंत फिरत राहिला. अपयशामागून अपयश येत असताना तेच उपकरण पुन्हा पुन्हा बांधणारी बंगळुरूची ती मंडळी मला या लेखातले सर्वांत चिवट लोक वाटतात. आणि स्रॉस-सी२ वर दुसरं उपकरण कोणतं होतं? विषुववृत्तावरच्या आयनांबरातले इलेक्ट्रॉन आणि आयन मोजणारं. वजन सव्वाशे किलोच्या आत, पण गॅमा-स्फोट आणि आयनांबर हे दोन्ही विषय एकाच डब्यात.

मोठी उडी आली २८ सप्टेंबर २०१५ ला. श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ने अ‍ॅस्ट्रोसॅट ही भारताची पहिली संपूर्ण अवकाश वेधशाळा ६५० किलोमीटर उंचीवर नेली. तिच्यावरचं कॅडमियम झिंक टेल्युराइड इमेजर, म्हणजे सीझेडटीआय, कुलाब्यातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने बनलं. १८५९ चं वादळ नोंदणारी वही आणि हे उपकरण, दोन्ही मुंबईच्या त्याच टोकावरची. थिरुवनंतपुरमचं विक्रम साराभाई केंद्र, बंगळुरूचं उपग्रह केंद्र, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि पुण्याची आयुका हे सोबती. ए. आर. राव, दीपंकर भट्टाचार्य, संतोष वडवळे, वरुण भालेराव ही त्यातली आघाडीची नावं.

हे उपकरण जवळून पाहण्यासारखं आहे. चार सेंटिमीटर लांब-रुंद आणि पाच मिलिमीटर जाड अशी काळपट स्फटिकाची चकती घ्या. तिची २५६ चौरस घरं, प्रत्येक घर सुमारे अडीच मिलिमीटरचं. अशा १६ चकत्यांचा एक चतुर्थांश, आणि असे चार चतुर्थांश: एकूण ६४ चकत्या, १६,३८४ घरं. किरण स्फटिकात शिरला की तिथे विद्युतभार मोकळा होतो, खालचं इलेक्ट्रॉनिक्स तो मोजतं, आणि कोणत्या घरात, किती ऊर्जेचा, कोणत्या क्षणी, हे लिहिलं जातं. वेळेचा माग २० मायक्रोसेकंदांपर्यंत. वर टँटलम धातूच्या पत्र्याची छिद्रं पाडलेली झडप आहे. खिडकीच्या जाळीची सावली फरशीवर कशी पडली त्यावरून ऊन कुठून येतंय हे कळतं, तशी या झडपेची सावली घरांवर कशी पडली त्यावरून किरणांची दिशा निघते.

हे झालं समोरून येणाऱ्या कमी ऊर्जेच्या किरणांचं. उपकरणाच्या भिंती शंभर किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतच्या किरणांना अडवतात. त्याहून जास्त ऊर्जा असली की भिंती जणू नाहीतच. किरण बाजूने, पाठीमागून, कुठूनही आत येतात. मूळ कामाच्या दृष्टीने हा व्यत्यय होता. पण गॅमा-स्फोट कुठल्याही दिशेने येतात, तेव्हा एका बिंदूकडे रोखलेल्या या यंत्राला त्याच भिंतींमुळे बरंचसं आकाश एकदम दिसू लागलं. दिशा काढण्यासाठी मग अख्खा अ‍ॅस्ट्रोसॅट संगणकात उभा केला गेला: कोणत्या बाजूने किरण आला तर उपग्रहाचा कोणता भाग किती अडवील, याचं प्रतिरूप. म्हणजे उपग्रहाचं अंगच झडप झालं.

६ ऑक्टोबर २०१५ ला सीझेडटीआय सुरू केलं, आणि त्याच दिवशी त्यात एक गॅमा-स्फोट सापडला. जीआरबी १५१००६ए. यंत्र चालू असणं म्हणजे काय, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

त्यानंतरचं काम पुण्यात चालतं. उपग्रहाची माहिती बंगळुरूजवळ ब्यालालूला उतरते, संस्करण होऊन आयुकात येते. पृथ्वीला एक फेरी घालायला अ‍ॅस्ट्रोसॅटला दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि दर फेरीची मोजणी तपासायची असते. विश्वकिरण रोज आदळतात, काही घरं विनाकारण आवाज करतात, दक्षिण अटलांटिकवरच्या किरणोत्सारी पट्ट्याजवळ मोजणी उसळते. खरा स्फोट ओळखायची खूण साधी आहे: चारही चतुर्थांशांत एकाच सेकंदाला उंचवटा दिसला पाहिजे. एकाच कोपऱ्यात दिसला तर तो यंत्राचा आजार. गेली दहा वर्षं विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनी हे आलेख चाळले, आज्ञावली सुधारल्या, आणि सापडलेला प्रत्येक स्फोट जगभरच्या खगोलजाळ्यावर कळवला. मे २०२२ पर्यंत पाचशेवा झाला होता, नोव्हेंबर २०२३ मध्ये सहाशेवा.

मोजदादीपेक्षा मोठी गोष्ट सीझेडटीआयने केली ती ध्रुवणाची. किरण एका घरात आदळून शेजारच्या घरात उडतो तेव्हा तो कोणत्या बाजूला जास्त उडतो, हे त्याच्या विद्युतक्षेत्राच्या दिशेवर अवलंबून असतं. हजारो किरणांच्या अशा उड्या जमवल्या की झोतातलं चुंबकीय क्षेत्र शिस्तीत आहे की विस्कटलेलं, याचा अदमास येतो. हे मोजणं फार अवघड. जगात थोड्याच उपकरणांना जमलेलं. वडवळे आणि तन्मय चट्टोपाध्याय यांच्या गटाने पहिल्या पाच वर्षांतल्या वीस ठळक स्फोटांचं ध्रुवण मोजलं. बहुतेकांत ते कमी निघालं. दुसरीकडे आयुकात विदुषी शर्मा आणि सहकाऱ्यांनी २१ ऑगस्ट २०१६ च्या एका स्फोटात दाखवलं, की स्फोट चालू असतानाच ध्रुवणाची दिशा सुमारे काटकोनात फिरते, आणि पुन्हा फिरते. मग वीसांत दिसलेलं कमी ध्रुवण खरंच कमी आहे, की दिशा फिरत राहिल्यामुळे सरासरीत पुसलं जातं? या प्रश्नावर आज जगभर काम चाललं आहे आणि तो विचारायला लावणारे आकडे आपले आहेत.

दोन प्रसंग मात्र आकड्यांच्या पलीकडचे आहेत. ४ जानेवारी २०१७ ला लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनाच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या. त्याच दिशेला हवाईच्या अ‍ॅटलास दुर्बिणींना झपाट्याने मावळणारा एक प्रकाशबिंदू दिसला. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश! तसं असतं तर भौतिकशास्त्राची बरीच पुस्तकं पुन्हा लिहावी लागली असती. सीझेडटीआयच्या नोंदी पाहिल्या तेव्हा लहरींच्या क्षणी तिथे काहीच नव्हतं. पण सुमारे एकवीस तासांनी एक गॅमा-स्फोट येऊन गेलेला होता. भालेराव आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की तो प्रकाशबिंदू या दुसऱ्याच, फार दूरच्या स्फोटाची मागे उरलेली प्रभा होती आणि कृष्णविवरांशी तिचा काही संबंध नव्हता. मोठ्या चुकीपासून सगळ्यांना वाचवणारी ही नोंद कुणी मुद्दाम घेतली नव्हती. ती घेतलेली होतीच.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीचा, १७ ऑगस्टचा. या वेळी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. गुरुत्वीय लहर आली आणि १.७ सेकंदांनी फर्मीला गॅमा-स्फोट दिसला. सोनं, प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत घडतात याचा पुरावा त्यातून मिळाला. त्या आठवड्यात जगातल्या बहुतेक दुर्बिणी त्याच जागेकडे वळल्या होत्या. सीझेडटीआय चालू होतं, धडधाकट होतं, आणि त्याला काही दिसलं नाही. त्या क्षणी अ‍ॅस्ट्रोसॅट आणि ते तारे यांच्या मध्ये पृथ्वी होती. यात कोणाचाच दोष नाही. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या उंचीवरून एका उपग्रहाचं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आकाश पृथ्वीच झाकते, आणि हे कितीही चांगलं उपकरण बनवलं तरी बदलत नाही.

त्यातूनच दक्ष ही योजना आली. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव तिचे प्रमुख आहेत. टाटा संस्था, भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, आयुका आणि बंगळुरूची रामन संशोधन संस्था सोबत आहेत. दक्षचे दोन सारखे उपग्रह विषुववृत्ताजवळच्या कक्षेत, पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना ठेवायचे, म्हणजे आकाशाचा कुठलाही तुकडा दोघांपैकी एकाला दिसेलच. एका किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मऊ क्ष-किरणांपासून दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या गॅमा किरणांपर्यंत तीन प्रकारचे शोधक, त्यातला मुख्य सीझेडटीआयच्याच जातीचा, आणि त्यांचे पृष्ठभाग घुमटासारखे सगळ्या दिशांना वळवलेले. सीझेडटीआयची माहिती जमिनीवर येऊन तपासून होईपर्यंत तास जातात. दक्षने स्फोट स्वतःच ओळखून मिनिटांत कळवावा, अशी रचना आहे. पवईत त्याचे नमुने तयार होऊन तपासले गेले आहेत.

हे उड्डाण व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते लवकर व्हावं असं वाटण्याला कारण आहे. अ‍ॅस्ट्रोसॅट पाच वर्षांसाठी आखला होता. त्याला सप्टेंबर २०२५ मध्ये दहा वर्षं झाली. स्विफ्टला विसाहून जास्त वर्षं झाली आणि त्याची कक्षा खाली सरकते आहे. फर्मीही सतरा वर्षांहून जुना. मूस यांनी कुलाबा बंद करण्याआधी अलिबाग सुरू केलं आणि दोन वर्षं दोन्ही चालवलं, म्हणून आपली मालिका तुटली नाही. अवकाशातही जुनं यंत्र चालू असताना नवं वर हवं, दोघांनी तेच स्फोट एकदम पाहायला हवेत. नाहीतर जुन्या आकड्यांना नव्यांशी जोडणार कसं? आपल्याकडे उड्डाणाचं कौतुक होतं, पेढे वाटले जातात. नोंद चालू ठेवण्याचं कौतुक होत नाही, आणि ती थांबली तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरं कारण हिंगोली जिल्ह्यात आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे: चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले आणि २०३० चं उद्दिष्ट ठेवलं. ती सुरू झाली की अमेरिका, इटली आणि जपानमधल्या वेधशाळांसोबत न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींची जागा आजच्यापेक्षा फार नेमकी सांगता येईल. अशा टकरीबरोबर पहिल्या दोन सेकंदांत येऊ शकणारा गॅमा-स्फोट पकडायला त्या वेळी वर कोण असेल, हा प्रश्न आजच सोडवावा लागतो. अ‍ॅस्ट्रोसॅटला २००४ मध्ये मंजुरी मिळाली आणि तो २०१५ मध्ये उडाला. तो पहिलाच होता, दक्षला तितका वेळ लागू नये. पण निम्मा लागला, तरी औंढ्याचं उद्दिष्ट गाठायला आता दिवस उरलेले नाहीत.